संध्याकाळी बरा असतो, म्हणजे सोंग नव्हे

प्रश्न: माझा दादा ४१ वर्षांचा आहे, एका कंपनीत हिशेब विभागात आहे. गेले तीन महिने तो पार बदललाय. पहाटे साडेतीन-चारला जाग येते, मग छताकडे बघत पडून राहतो. दाढी करायला तासभर लागतो. काही विचारलं तर उत्तर इतकं उशिरा येतं की त्याने ऐकलंच नाही असं वाटावं. वजन ७४ किलोवरून ६८ वर आलंय. बुद्धिबळाचं त्याला वेड होतं, आता पट उघडतही नाही. सात वर्षांपूर्वी हिशेबात झालेली एक चूक पुन्हापुन्हा उगाळतो. पण संध्याकाळी सात-आठनंतर तो जरा माणसात येतो, लेकीशी दोन शब्द बोलतो. त्यामुळे बाबा म्हणतात, कामाच्या वेळी आजारी आणि रात्री बरा, हे सोंग आहे. घरात पैशांची ओढाताण नाही, भांडण नाही, कुणी गेलेलं नाही. थायरॉइडसकट सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी १० मिलिग्रॅम दिली होती. मळमळायला लागलं, फरकही वाटेना, म्हणून बाराव्या दिवशी त्याने ती बंद केली. मागच्या आठवड्यात वहिनीला म्हणाला, 'मी नसतो तर तुमचं सोपं झालं असतं.' हा खरंच आजार आहे का? गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील का? आठ वर्षांच्या भाचीला काय सांगायचं? आणि त्याला नोकरी सोडायची आहे, सोडू द्यावी का?

उत्तर: तुमच्या चार प्रश्नांआधी वहिनींना ऐकावं लागलेलं ते वाक्य घेऊ, कारण बाकीचं आठवडाभर थांबू शकतं, ते थांबू शकत नाही.

दादा संध्याकाळी त्यातल्या त्यात मोकळा असतो. आजच त्या वेळी, घरातल्या ज्या माणसाशी तो सहज बोलतो, त्याने त्याच्याजवळ एकट्याने बसावं आणि सरळ विचारावं. 'तू तसलं काही करणार नाहीस ना?' असं विचारू नका. त्या प्रश्नात 'नाही' हे उत्तर आधीच भरलेलं असतं आणि समोरचा तेच देऊन मोकळा होतो. क्रमाने विचारा. 'सकाळी जागच येऊ नये असं वाटतं का?' 'स्वतःचा जीव घ्यावा असे विचार येतात का?' 'कसं करायचं ते मनात ठरलंय का?' 'त्यासाठी काही जमवून ठेवलंय का?' विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही घरोघरी असणारी भीती खरी नाही. या मुद्द्यावर अभ्यास झालेत आणि विचारल्यामुळे धोका वाढल्याचं त्यांत आढळलेलं नाही. बहुतेकांना, कुणीतरी स्पष्ट विचारलं, याने हायसंच वाटतं.

फक्त पहिल्या प्रश्नाला होकार असेल तर दोन-तीन दिवसांच्या आत मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. दुसऱ्याला होकार असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. तिसऱ्या किंवा चौथ्याला होकार आला, किंवा तो उत्तर टाळतोय असं वाटलं, तर रात्र असली तरी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या आणि तिथे पोहोचेपर्यंत त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. घरातली सगळी औषधं, त्याच्या उरलेल्या गोळ्यांसकट, वहिनींनी कुलपात ठेवावीत. स्वतःला इजा करता येईल असं जे काही घरात आहे, तेही हलवा. जीव देण्याची तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो. दारू घरात नको. ती घेतली की नैराश्यही वाढतं आणि आवरही सुटतो.

आता बाबांचा आक्षेप. तुम्हाला तो चुकीचा वाटत असेल, पण त्यांचं निरीक्षण अगदी अचूक आहे. फक्त अर्थ उलटा लावलाय. सकाळी सगळ्यात वाईट आणि दिवस कलला की थोडा उतार, हा तीव्र नैराश्याच्या एका प्रकारातला ठळक नमुना आहे. त्या प्रकाराला मेलँकोलिक डिप्रेशन म्हणतात. नेहमीच्या वेळेच्या किमान दोन तास आधी जाग येणं आणि पुन्हा झोप न लागणं, हालचाल व बोलणं दुसऱ्याला दिसावं इतकं मंदावणं, वजन उतरणं, अवाजवी अपराधीपणा, आणि चांगली बातमी ऐकूनही आत काहीच न हलणं, या त्याच्या बाकीच्या खुणा. तुम्ही पत्रात त्यातल्या बहुतेक लिहिल्यात. शरीराचं चोवीस तासांचं चक्र या आजारात बिघडलेलं असतं. झोप, शरीराचं तापमान, कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक, सगळं त्या चक्रावर चालतं. निरोगी माणसाला स्वप्नांची पहिली झोप झोप लागल्यापासून साधारण ९० मिनिटांनी लागते. या रुग्णांत ती बऱ्याचदा त्याहून बरीच लवकर येते, आणि झोपेच्या प्रयोगशाळेत ते मोजता येतं. बाबांना एवढंच विचारा: सोंग करणारा माणूस बघणारे असताना आजारी पडतो. दादाची सगळ्यात वाईट वेळ पहाटे चारची आहे, जेव्हा सगळं घर झोपलेलं असतं. ते सोंग कुणासाठी?

निदानासाठी नऊ लक्षणं बघतात. दिवसाचा बहुतेक वेळ उदास असणं, कशातच रस किंवा आनंद न उरणं, भूक किंवा वजन बदलणं, झोप उडणं किंवा फार येणं, हालचाल मंदावणं किंवा उलट सतत अस्वस्थ येरझाऱ्या, थकवा, आपण निरुपयोगी किंवा दोषी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं किंवा साधे निर्णयही न घेता येणं, मरणाचे विचार. यांपैकी किमान पाच, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे हवीत, त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक असायलाच हवं, आणि त्यामुळे रोजचं जगणं अडलेलं असायला हवं. पत्रावरून निदान करता येत नाही, ते समोर बसूनच होतं; पण नुसत्या तुमच्या मजकुरात सहा सापडतात. तीन महिन्यांत न ठरवता आठ टक्के वजन उतरलंय, ही गोष्ट तर तराजूवर दिसते.

'रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग आजार कसला?' याचं उत्तर असं, की त्या तपासण्या नैराश्य शोधण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. नैराश्यासारखं चित्र उभं करणाऱ्या दुसऱ्या गोष्टी बाजूला काढण्यासाठी त्या असतात: थायरॉइड मंदावणं, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता, मधुमेह. औषधांचीही चौकशी करायची असते. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर तेच कारण असू शकतं. हे सगळं नसेल तर लक्षणांच्या नमुन्यावरून निदान होतं, जसं अर्धशिशीचंही होतं. तिचीही रक्ततपासणी नसते, म्हणून तिला कुणी सोंग म्हणत नाही. १९८० च्या दशकात कॉर्टिसॉलवर आधारलेली एक चाचणी नैराश्याच्या निदानासाठी वापरून पाहिली गेली. तीव्र नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांत ती बिघडलेली आढळली, पण सगळ्यांत नाही, आणि दुसऱ्या आजारांतही ती बिघडायची. म्हणून रोजच्या वापरातून गेली. म्हणजे शरीरात बदल आहेत, एकट्याने निदान करून देईल असा एकही बदल हाती लागलेला नाही.

'काही कारणच नाही' यावर तुम्ही सगळे अडलेले दिसता. कारण सापडलं तरच आजार खरा, असा हिशेब नैराश्याला लागू होत नाही. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं अनेक महिने दिली जात. त्या काळात सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना पुरेपूर नैराश्य आलं. त्यांच्या घरात काही घडलेलं नव्हतं. शरीरात एक रेणू गेला होता. याच्या उलट प्रकार १९५२ मध्ये दिसला. क्षयरोगासाठी दिलेल्या इप्रोनायाझिड या औषधाने रुग्ण फुप्फुसं बरी होण्याच्या आधीच उत्साही दिसू लागले, आणि नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक असं हाती लागलं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास येतो. उरलेल्यात लहानपणचे आघात, दीर्घकाळचा ताण, एकटेपणा, इतर आजार हे सगळं येतं. पहिलं आजारपण बऱ्याचदा कुठल्यातरी ताणानंतर सुरू होतं आणि पुढची आजारपणं तेवढ्या कारणाविनाही येऊ शकतात. तेव्हा दादाच्या आयुष्यात कारण शोधत बसू नका. शोधायला बसलात तर तो स्वतःलाच कारण म्हणून पुढे करेल. अपराधीपणा हा आजाराचाच भाग आहे.

'मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय' हे स्पष्टीकरण तुम्हाला कुणी दिलं असेल तर ते फार घट्ट धरू नका. सेरोटोनिन म्हणजे मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन. सांगायला सोपं म्हणून ते स्पष्टीकरण पसरलं. या गोळ्या मेंदूच्या पेशींमधल्या सेरोटोनिनवर काही तासांतच परिणाम करतात, पण माणसाला बरं वाटायला आठवडे लागतात. नुसतं कमी पडलेलं भरून काढण्याचा मामला असता तर दुसऱ्याच दिवशी फरक पडायला हवा होता. त्या रासायनिक बदलानंतर मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या हळूहळू बदलतात आणि त्याला वेळ लागतो, असं आज मानलं जातं. हाच मुद्दा दादाच्या बारा दिवसांना लागू होतो.

बारा दिवस घेतलेल्या गोळीवरून 'हे औषध लागू पडत नाही' असा निष्कर्ष काढता येत नाही. पुरेशा डोसमध्ये चार ते सहा आठवडे, रोज न चुकवता, हा एक पुरा प्रयत्न. दादाने नेमका वाईट भाग सोसला आणि चांगला भाग सुरू व्हायच्या आत सोडलं. मळमळ, डोकेदुखी, पोट सैल होणं, झोप उडणं किंवा पेंगुळणं, थोडी बेचैनी हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत येतं आणि बहुतेकांत आपोआप जातं. डॉक्टरांना हे सांगितलं असतं तर त्यांच्याकडे उपाय होते: पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम देऊन मग १० वर जाणं, पोटात काहीतरी असताना गोळी घेणं, झोप उडत असेल तर ती सकाळी आणि पेंग येत असेल तर रात्री घेणं. आताही तेच करायचं, पण उरलेली गोळी स्वतःहून पुन्हा सुरू करायची नाही. डॉक्टरांना बारा दिवसांचा इतिहास सांगा, मग तेच औषध हळू सुरू करायचं की सर्ट्रालिन, मिर्टाझापिन असं दुसरं निवडायचं, ते ठरवतील. मिर्टाझापिनने झोप आणि भूक वाढते. वजन उतरलेल्या, पहाटे जागणाऱ्या माणसात हा दुष्परिणाम उपयोगी पडू शकतो.

गोळ्या मधेच सुटण्यामागचं आणखी एक मोठं कारण कुणी उच्चारत नाही. एस्सिटालोप्रामच्या गटातल्या बऱ्याच औषधांनी लैंगिक इच्छा कमी होते किंवा तृप्तीला उशीर लागतो. मळमळीसारखं हे दोन आठवड्यांत जाईलच असं नाही. डोस बदलून किंवा औषध बदलून यावर मार्ग निघतो, पण डॉक्टरांना कळलं तर. डॉक्टरांनी विचारलं नाही तर दादाने किंवा वहिनींनी सांगावं; त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

सोबत चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांसमोर ठेवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांबरोबर किंवा ॲस्पिरिनबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक आणि अर्धशिशीवरच्या काही गोळ्यांमुळे सेरोटोनिनचा प्रभाव घातक पातळीवर जाऊ शकतो: थरथर, घाम, ताप, गोंधळलेपण, स्नायू ताठरणं. असं दिसलं तर वाट न बघता रुग्णालय. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

पहिल्या भेटीत दोन गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी तुम्ही सांगाव्यात, कारण त्यांच्यावरून उपचार बदलतो. एक: पूर्वी कधी सलग चार-पाच दिवस किंवा जास्त असा काळ आला होता का, ज्यात दादा दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असायचा, अखंड बोलायचा, मोठमोठे बेत आखायचा, वारेमाप खर्च करायचा? घरात कुणाला तसं होतं का? उत्तर हो असेल तर हा बायपोलर आजार, म्हणजे कधी नैराश्य तर कधी असा अतिउत्साह, असू शकतो. त्यात नैराश्यावरची गोळी एकटी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. आधी मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध लागतं. दुसरी गोष्ट त्या सात वर्षांपूर्वीच्या चुकीची. ती चूक तेव्हाच निस्तरली गेली, हे कागद दाखवून त्याला निदान तेवढ्यापुरतं पटतं का? की पुरावा समोर असूनही तो म्हणतो, 'मला अटक होणार, तुम्ही सगळे माझ्यामुळे रस्त्यावर येणार'? दुसरं असेल तर तो नुसता अपराधीपणा राहिलेला नाही, तो भ्रम आहे. भ्रमासह येणारं नैराश्य जास्त धोक्याचं. त्यात एकट्या एस्सिटालोप्रामवर भागत नाही. सोबत भ्रमावरचं औषध द्यावं लागतं किंवा ईसीटीचा विचार होतो. एक मात्र करू नका: चूक झालीच नव्हती यावर त्याच्याशी रोज वाद घालू नका. एकदा कागद दाखवा, काय म्हणतो ते ऐका, लिहून डॉक्टरांना द्या.

ईसीटी म्हणजे लोक ज्याला 'शॉक' म्हणतात ते. आजकाल ते भूल देऊन आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊन करतात, साधारण आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण ६ ते १२ वेळा. उपचाराच्या काळातल्या आठवणी पुसट होणं हा त्याचा मुख्य तोटा. माणूस खाणंपिणं सोडतो, भ्रमात असतो किंवा जिवाचा धोका तातडीचा असतो, तेव्हा त्याच्याइतका जोरकस आणि लवकर परिणाम करणारा उपाय दुसरा क्वचितच असतो. डॉक्टरांनी सुचवलं तर दचकू नका. आज ते लागेलच असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

औषध सुरू झालं की मोजमाप ठेवा. 'बरं वाटतंय का?' या प्रश्नाला नैराश्यातला माणूस 'नाही'च म्हणतो. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी डॉक्टरांकडे मिळेल. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून बऱ्यापैकी तीव्र, वीसपासून तीव्र. दर दोन आठवड्यांनी, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी ती भरा. एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी भरली तर दादाच्या बाबतीत तुलनेला अर्थ उरणार नाही. बेरीज निम्म्यावर आली तर औषध काम करतंय. पाचच्या खाली आली तर लक्षणं उतरली असं धरतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी त्यावर बोलायचं.

सुधारणा कुठून सुरू होते, तेही बघून ठेवा. बऱ्याचदा सगळ्यात आधी घरच्यांना दिसते, रुग्णाला नाही: दाढी अर्ध्या तासात उरकते, उत्तर जरा लवकर येतं, साडेतीनची जाग साडेचारवर जाते. उदासी त्यानंतर हलते. याच टप्प्यात जास्त जपावं लागतं, कारण अंगात बळ येतं पण मन अजून काळोखातच असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत एका जागी बसवत नाही अशी विलक्षण तगमग सुरू झाली, किंवा आजवर खचलेला माणूस एकाएकी शांत होऊन निरवानिरव करू लागला, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. २५ वर्षांखालच्या रुग्णांत या गोळ्यांच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका जास्त असतो. दादा त्या वयाचा नाही, तरी पहिला महिना दर आठवड्याला डॉक्टरांशी संपर्क असलेला बरा. तीन-चार आठवड्यांत काहीच हललं नाही तर डोस वाढवण्याबद्दल विचारा. एस्सिटालोप्राम २० मिलिग्रॅमपर्यंत जाते. पहिल्याच औषधाने लक्षणं पूर्ण जाणारे रुग्ण साधारण तिघांत एक. म्हणून पहिलं औषध फसलं तर 'आपल्यावर काही चालतच नाही' असं समजू नये. दुसरं औषध, दुसऱ्या औषधाची जोड, त्यासोबत थेरपी, अशा पुढच्या पायऱ्या असतात.

जन्मभर? पहिलंच आजारपण असेल तर नाही, बहुधा नाही. लक्षणं पूर्ण गेल्यानंतर ज्या डोसने बरं वाटलं त्याच डोसवर आणखी सहा ते नऊ महिने राहायचं. लोक नेमके इथे चुकतात: बरं वाटलं की दुसऱ्या महिन्यात बंद, आणि मग दुखणं उलटतं. यापूर्वी दोन-तीनदा असं झालं असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. बंद करताना काही आठवडे ते काही महिने, पायरीपायरीने डोस उतरवतात. एकदम तोडलं तर दोन-चार दिवसांत गरगरणं, डोक्यात विजेचे झटके आल्यासारखं वाटणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं असा त्रास होऊ शकतो. हे व्यसन नाही: दिवसेंदिवस जास्त घ्यावीशी वाटणं, तिच्यासाठी तळमळणं असं या गोळ्यांचं होत नाही. पण शरीराला सवय झालेली असते, ती हळू सोडवावी लागते.

थेरपीबद्दल थोडक्यात, कारण दादाच्या बाबतीत ती दुसऱ्या टप्प्याची गोष्ट आहे. सौम्य आणि मध्यम नैराश्यात कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे बोलून विचारांची आणि वागण्याची घडण बदलण्याचा उपचार, औषधाच्या तोडीस तोड असते. तीव्र नैराश्यात औषध आणि थेरपी दोन्ही मिळून जास्त फायदा होतो. आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास, साधारण १२ ते १६ बैठका. पण ज्याला एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मिनिट लागतंय, त्याच्याकडून विचारांची वही लिहून घेणं फार होतं. मंदपणा थोडा उतरू द्या. थेरपिस्ट औषध लिहून देत नाहीत आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे प्रत्येक वेळी पाऊण तास असेलच असं नाही. दोघे वेगवेगळे असतील तर एकमेकांची माहिती दोघांनाही द्या.

घरात मात्र आजपासून काही करता येतं. 'मनावर घे', 'तुझ्याकडे काय कमी आहे?' ही वाक्यं बंद करा. मनावर घेण्याची, सुरुवात करण्याची क्षमता हीच या आजारात आटलेली असते, आणि काय काय आहे याची यादी ऐकून त्याला कृतज्ञता वाटत नाही, एवढं असूनही आपण असे, ही लाज वाटते. मोकळा प्रश्न विचारू नका, दोनांतलं एक विचारा: 'आंघोळ आत्ता करतोस की अर्ध्या तासाने?' उत्तराला अर्धं मिनिट थांबा; मधेच दुसरा प्रश्न टाकला की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

'बरं वाटलं की करेन' हा क्रम उलटा करायचा असतो: आधी छोटं काम, उत्साह मागून. उपचारांत याची एक रीतसर पद्धत आहे आणि ती घरीही जमते. दादाच्या बाबतीत सुरुवात संध्याकाळी करा, कारण तेव्हा त्याला जमतं. पहिल्या आठवड्यात रोज एकच गोष्ट, दहा मिनिटांची: कोपऱ्यापर्यंत चालून येणं, किंवा बुद्धिबळाचा एकच डाव मांडून चार चाली. पूर्ण डाव नको. हरला तर पुन्हा अपराधीपणा. झाल्यावर त्याने दोन आकडे लिहावेत, ० ते १० पैकी किती जमलं आणि किती बरं वाटलं. पहिला आकडा आधी वाढतो, दुसरा मागून. दुसरा शून्यच आहे म्हणून थांबू नका. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. महिन्याभरात आठवड्यातून तीनदा अर्धा तास भरभर चालणं जमलं तर त्याचा नैराश्यावर स्वतंत्र फायदा होतो. पहाटे जाग आली तर अंथरुणात तळमळत पडू नये, उठून मंद उजेडात बसावं. घड्याळ खोलीत नको. उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवा आणि उठल्यावर उजेडात जाऊ द्या. दिवसा डुलकी अर्ध्या तासाच्या वर नको.

वहिनी तीन महिने पहाटेपासून जाग्या असणार. पहारा एकट्या माणसाने करायचा नसतो. कोण कुठल्या वेळी घरी आहे, हे तुम्ही, बाबा आणि वहिनी कागदावर वाटून घ्या.

भाचीला खरं सांगा, थोडक्यात. मुलांना काहीच सांगितलं नाही तर ती दोष स्वतःकडे घेतात. 'बाबांना एक आजार झालाय. त्यामुळे त्यांना थकल्यासारखं वाटतं आणि हसू येत नाही. तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तुझ्याकडून कुणाला होत नाही. डॉक्टर औषध देतायत, वेळ लागेल.' तिच्या बाबांना, म्हणजे दादाला, खूश ठेवण्याचं काम तिच्याकडे देऊ नका. मरणाबद्दल तिने काही ऐकलं असेल आणि विचारलं तर खोटं बोलू नका. 'आजारामुळे बाबांच्या मनात वाईट विचार येतात, म्हणून आम्ही मोठी माणसं त्यांच्याबरोबर राहतो' एवढं पुरतं.

नोकरीचा राजीनामा आत्ता नको. नैराश्यात भविष्य एकाच रंगात दिसतं आणि त्या दृष्टीने घेतलेला न फिरणारा निर्णय बरं झाल्यावर पेलावा लागतो. घर विकणं, पैसे मोडणं, नातं तोडणं यांनाही हेच लागू. मात्र आत्ता त्याला रोज कामावर ढकलणंही बरोबर नाही. हिशेबाच्या कामात या अवस्थेत चूक होण्याची शक्यता खरी आहे आणि एक नवी चूक त्याला फार महाग पडेल. डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेऊन दोन ते चार आठवड्यांची वैद्यकीय रजा मागा, गरज पडली तर वाढवा. परतताना पहिले दोन आठवडे अर्धा दिवस आणि आकड्यांची जबाबदारी दुसऱ्या कुणाच्या नजरेखाली, असं कार्यालयाशी आधी ठरवून घ्या. शक्य असेल तर त्याची वेळ दुपारपासूनची मागा. राजीनाम्याचा विषय तो पुन्हा काढेल, तेव्हा 'नाही' म्हणू नका, पुढची तारीख द्या: पीएचक्यू-९ ची बेरीज सलग दोन महिने पाचच्या खाली राहिली की बोलू. तेव्हाही त्याला सोडावीशी वाटली, तर तो त्याचा निर्णय.